बांगड्याचे डोळे आणि माझा दुपारचा तास

न्हाणीच्या चुलीत माडाचं सुकं चुडत सारून मी हात झटकले आणि भात वाळत घालायला खळ्यात आले. आदल्या संध्याकाळी ओढून ठेवलेली रास फोडायची, पायाने सारखी पसरायची, कोंबड्यांना हाकलायला काठी जवळ घ्यायची, मग आत जाऊन कुळथाच्या पिठीला फोडणी द्यायची. रोजचंच. भात पायाखाली अजून गार लागत होतं. तेवढ्यात पाणंदीतून वसंतभाऊ आले. आमच्या वाडीच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचे ते अध्यक्ष. खळ्याच्या कडेला चपला काढून उभे राहिले, तेव्हाच बातमी चांगली नाही हे मला कळलं. चांगली बातमी असली की ते रस्त्यावरूनच ओरडून सांगतात.

"काकी, राग मानू नकात," ते म्हणाले. "तुमी पोरांका गजाली-गोष्टी सांगतास त्यो बऱ्यो. पण दुसरीतल्या पोरांका अजून धडो वाचूक येणा नाय. गुरुवारी सांजचे समितीची सभा आसा. दुपारचो तास दुसऱ्या कोणाक देवचो, असा सगळ्यांचा म्हणणा पडता."

"दुसऱ्या कोणाला म्हणजे?"

"कसालात ती क्लासवाली आसा ना, तिका. ती छापील कागद सोडवून घेता. पोरा गप बसतत."

मी म्हटलं, "सभेला मी येते. तोवर काही ठरवू नका." ते बरं म्हणाले, चपला घालून गेले. मी भात पसरायचं काम पुरं केलं.

नवीन वाचकांसाठी सांगते. आमची वाडी कसालच्या बाजारापासून थोडी आत आहे. शाळेत चार वर्गांना मिळून एकच बाई आहेत. वर्षापूर्वी त्यांनी मला विचारलं, की दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास पहिली-दुसरीच्या मुलांना घेऊन बसाल का. मी लगेच हो म्हटलं. ह्यांचं कसालच्या बाजारात किराण्याचं दुकान होतं. दुपारी दुकान बंद करून ते जेवायला घरी यायचे. ते गेले आणि तो एक तास मला घरात काढता येईना. सकाळ निघून जायची, संध्याकाळही जायची, पण त्या वेळेला हात आपोआप दोन पानं घ्यायला जायचा. शाळेत गेले की तसं होत नसे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. समितीला त्याच्याशी काही देणं-घेणं नाही, आणि नसावंही. मुलांना वाचता येत नाही, ही त्यांची तक्रार खरी होती.

तास सोडायचा नाही हे मी फोडणी घालतानाच ठरवलं. पण तो कसा ठेवायचा हे माहीत नव्हतं. म्हणून मृणालला फोन केला. मृणाल ह्यांची भाची. आचऱ्याच्या खाडीपलीकडे, देवगड तालुक्यात, समुद्राकाठच्या एका वाडीत ती पहिली ते चौथी शिकवते. तिच्या वर्गात काय शिकायचं हे पोरंच ठरवतात, असं घरात सगळे हसत हसत सांगत असत.

"मामी, तू येच गो," ती म्हणाली. "पण बघण्यासारखा काय नाय हां. पोरा इचारतत, मी त्यांच्या मागना धावतंय."

बुधवारी सकाळी निघाले.

कसालहून देवगडला जायचे दोन रस्ते आहेत. घाई असेल तर हायवेने कणकवली, नांदगाव आणि तिथून देवगड. घाई नसेल तर कट्ट्यावरून मालवण आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने आचरा. मी जाताना दुसरा घेतला. हा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, पोटात ढवळत असेल तर पुढच्या बाकावर बसा. मालवणच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीला विचारल्याशिवाय पाटीवर विश्वास ठेवू नका. आचऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या कमी असतात आणि कधी कधी वेळेआधीही सुटतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाऊन-येऊन सगळा प्रवास दीडशेच्या आसपास झाला.

मालवणला स्टँडजवळच्या एका खाणावळीत बांगड्याची थाळी घेतली. तीही दोनशेच्या आत होती. सोलकढी पातळ, बांगडा ताजा. एकटी बाई जेवायला बसली की वाढणारे जरा घुटमळतात. मी सरळ पंख्याखालचं टेबल धरलं. "आजून कोण येवचे आसत?" वाढपी म्हणाला. "कोणी नाही," मी म्हटलं, "भात मात्र दोन माणसांचा वाढा." तो हसला आणि खरोखरच वाढला.

मालवणच्या पुढे गाडीत डाव्या बाजूला बसा. समुद्र सारखा दिसत नाही. माडांमधून, दोन घरांच्या मधून, मध्येच एखाद्या उताराच्या तोंडाशी तो येतो आणि जातो. आचऱ्याला खाडीवरचा पूल ओलांडला की बोलीचा सूर किंचित बदलतो, असं मला वाटलं. मागच्या बाकावर दोन मासेवाल्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परतत होत्या. एकीचं म्हणणं, सुनेने फ्रिजमध्ये कोलंबीच्या शेजारी श्रीखंड ठेवलं. दुसरी म्हणाली, "मगे खाल्लंस?" पहिली म्हणाली, "खाल्लंय. सोडतंय काय?"

मृणाल थांब्यावर स्कूटर घेऊन उभी होती. संध्याकाळी तिने मला वाडीच्या किनाऱ्यावर नेलं. पर्यटकांची गर्दी नाही, एक चहाची टपरी, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या. राहायचं असेल तर या पट्ट्यात आता बऱ्याच घरांनी खोल्या काढल्या आहेत. जेवण धरून दर विचारून घ्या, म्हणजे नंतर कुरकुर नको. मी तिला समितीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या पयलो अर्धो तास तूच घे. मगे बघू."

गुरुवारी सकाळी मी तयारीने वर्गात उभी राहिले. मुलांच्या आवडीचं घ्यायचं असतं ना, म्हणून मी आंबा निवडला होता. देवगडची मुलं, त्यांच्यापुढे हापूस. शिकवायची वेळ आलीच तर असावीत म्हणून कसालहून निघतानाच चित्रंही घेतली होती. कोय, रोप, कलम, मोहोर, पेटी. गोष्टही चांगली रचली होती, एका पेटीतून मुंबईला गेलेल्या आंब्याची.

मुलं शांत बसून ऐकत होती. ती शांतता मी ओळखते. लग्नात आहेराची नावं वाचतात तेव्हा मांडवात असते तशी.

तिसरीतला तन्मय शेवटी म्हणाला, "आजी, आंबो आमका ठाऊक आसा."

"मग तूच सांग बरं त्याच्याबद्दल."

"सांगाचा काय? आमच्या बापाशीची बाग आसा. मोहोर येता, फवारणी करतत, काढतत, पेटयेत भरतत. सुट्टीत आमका गवत पसरूक लावतत. हयसर पण तोच?"

बाकीची हसली. मृणाल दाराशी उभी होती, तीही हसत होती. मी चित्रं गोळा केली. मुलांना आवडेल असं मी घरी बसून ठरवलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं, एवढाच तो प्रकार.

मग मृणालच्या वर्गाचं रोजचं सुरू झालं. इथे बाहेरच्या वाचकांना थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या सिंधुदुर्गात कुठलंही काम काढलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. गावचा गुरव किंवा जाणता माणूस उभा राहून मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. चारचौघांसमोर आणि सगळ्यांच्या होकाराने मागितलेलं मागणं मग एकट्याचं राहत नाही. मृणालने हीच पद्धत वर्गात आणली आहे. रोज एका मुलाची पाळी. त्याला जे कळून घ्यायचं असेल त्याचं त्याने गाऱ्हाणं घालायचं. वर्गाने व्हय म्हाराजा म्हटलं की ते सगळ्यांचं झालं. आणि मागणाऱ्याने बदल्यात काय देणार, तेही सांगायचं.

"गुरवांना चाललं हे?" मी आदल्या दिवशी विचारलं होतं.

"आधी रागावले. मगे एक दिवस येवन वर्गात बसले. म्हणाले, बाई, सूर चुकता तुमच्या पोरांचो. आता म्हयन्यातना एकदा येतत, सूर सुधारूक."

त्या दिवशी पाळी होती रुचिताची. दुसरीतली मुलगी, आई रस्त्यावर मासे विकायला बसते. गेल्या वर्षी पुस्तक उघडायचं म्हटलं की ही बाकाखाली जाऊन बसायची, असं मृणालने मला सांगितलं होतं. ती एक प्लास्टिकची पिशवी घेऊन पुढे आली. पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

"बा देवा म्हाराजा," तिने घसा खाकरून गुरवासारखाच सूर लावला, "आज हयसर जी काय पोरा जमली आसत..."

"व्हय म्हाराजा."

"त्यांच्या साक्षीन माका कळाक होया, का बांगडो मेलो तरी त्याचे डोळे उघडे कित्या रवतत? बर्फात घातलो तरी उघडे. तव्यार घातलो तरी उघडे."

"व्हय म्हाराजा."

"ह्याचा कारण माका गावांदे. बदल्यात मी बांगडो हाडलंय."

"व्हय म्हाराजा," वर्ग म्हणाला, आणि बांगडा वर्तमानपत्रावर मधोमध आला.

मृणालने उत्तर दिलं नाही. मी तिच्याकडे बघत होते, ती आता सांगेल म्हणून. तिने फळ्यावर दोन रकाने आखले, डोळे मिटणारे आणि न मिटणारे, आणि खडू मुलांकडे दिला. कुत्रा, म्हैस, मांजर मिटणाऱ्यांत गेले. खडू हातात आलेल्या मुलाला शब्द लिहिता आला नाही तर बाकीची ओरडून सांगत, तरी जमलं नाही तर तो मागे जाऊन भिंतीवरच्या शब्दांच्या तक्त्यावर शोधून येई. साप न मिटणाऱ्यांत गेला. कोंबडीवर भांडण झालं.

"कोंबडी खालसून वर मिटता," तन्मय म्हणाला.

"खोटा. डोळे वरसून मिटतत."

"बघलंस कधी?"

"तू बघलंस?"

अर्धा वर्ग शेजारच्या परड्यात गेला. कोंबडीवालीने विचारलं, "आता काय गो बाई?" मृणाल म्हणाली, "काय नाय वहिनी, डोळे बघूचे आसत." "बघा," ती म्हणाली, "अंडा तेवढा नेवू नकात." कोंबडी खालूनच मिटत होती. मी जन्मभर कोंबड्या पाळल्या आणि हे कधी बघितलं नव्हतं.

परत आलो तर रुचिता बांगड्यापाशीच होती. तिने बोटाने त्याचा डोळा चाचपला. "बाई, हेका पापणी नाय. पण काच आसा." खरंच, डोळ्याच्या दोन्ही बाजूंना काचेसारखं पारदर्शक कातडं होतं. ते हलत नव्हतं, मिटत नव्हतं. मृणालने कपाटातून समुद्रातल्या प्राण्यांवरचं एक जुनं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. तिने पान लावलं आणि बोट ठेवून वाचू लागली. अडखळत, एकेका शब्दावर थांबत. मध्येच मागचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून. तिला कुणी वाच म्हटलं नव्हतं.

फळ्यावर माणूस अजून लिहायचा होता. एका मुलाने त्याला मिटणाऱ्यांत लिहिलं. पहिलीतली एक अगदी लहान मुलगी म्हणाली, "नाय. आमच्या आज्याचे उघडे रवले. बाबान हातान मिटले."

माझ्या वर्गात असतं तर मी इथे विषय बदलला असता. गाणं म्हणा रे, असं काहीतरी. मृणालने बदलला नाही. ती मुलीजवळ जाऊन खाली बसली, एवढंच.

मी म्हटलं, "आमच्या घरीही तसंच झालं. ह्यांचे डोळे मी मिटले."

तन्मयने माझ्याकडे बघितलं. "आपसून मिटणत नाय?"

"कधी कधी नाही मिटत. मग मिटावे लागतात."

"कठीण जाता?"

"नाही. हलक्या हाताने मिटतात. हात तेवढा थोडा वेळ तिथेच ठेवावा लागतो."

त्याने मान हलवली आणि फळ्यापाशी जाऊन 'माणूस' पुसून दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर लिहिला. कुणी हरकत घेतली नाही. दोन वर्षांत मला ह्यांच्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ विचारलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मला रडू आलं नाही. बरं वाटलं, असंही म्हणता येणार नाही. एक गोष्ट होती तशी सांगून झाली.

सुट्टीत फाटकाशी तन्मयचे बाबा आले होते. "बाई, झील सांगता सकाळपासून डोळे बघतो. पाढे कधी?"

"उद्या पाढ्यांचो दिवस आसा. तुमी आज पेटयेतल्या आंब्यांचे पाढे घेवा."

"आंबे खंय आता?"

"मगे नारळांचे घेवा."

ते हसले, पण पुरते खूश झाले नाहीत. ते गेल्यावर मृणाल म्हणाली, "मामी, ह्या सगळ्या सोपा नाय हां. काही दिवस फुकट जातत. एका चेडवान म्हयनोभर गाऱ्हाणाच घातल्यान नाय, नुसती उभी रवायची. आणि पाढे पाठच करूचे लागतत, त्याका गाऱ्हाणा चलणा नाय. पण ज्या दिवशी एखादा गाऱ्हाणा पोरांच्या मनाक लागता, त्या दिवशी वाचूक सांगूचा लागणा नाय."

निघायच्या आधी मुलांनी मला अडवलं. पाहुण्यानेही गाऱ्हाणं घालायचं असा नियम होता. मी उभी राहिले. "बा देवा म्हाराजा, माझा दुपारचा तास माझ्याकडेच राहू दे."

कुणीच व्हय म्हणालं नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"आजी," रुचिता म्हणाली, "ह्या गाऱ्हाणा नाय. ह्यो अर्ज."

"मग उद्या विचार करून फोनवर सांगते."

"गाऱ्हाण्यात उद्या नसता."

मी पुन्हा उभी राहिले. खरोखर काय कळून घ्यायचं आहे, हे शोधायला मला त्या मुलांसमोर बराच वेळ लागला. शेवटी म्हटलं, "मी गोष्ट सांगत असते तेव्हा माझ्या वर्गातली मुलं खिडकीतून बाहेर काय बघत असतात, ते मला कळू दे."

"व्हय म्हाराजा."

"बदल्यात काय देतलंस?" तन्मयने विचारलं.

"एक दिवस मी गोष्ट सांगणार नाही."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. जरा जास्तच आनंदाने, असं मला वाटलं.

परतीला देवगडहून नांदगावमार्गे गाडी धरली. जामसंड्याच्या पुढे दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा आहेत, पण मोहोराला अजून वेळ होता. झाडं नुसती गडद उभी होती. कणकवलीपर्यंत डुलकी लागली. कसालला उतरले ती पिशवीसकट थेट शाळेत गेले, सभा सुरू होत होती.

वसंतभाऊंनी विषय काढला. मी म्हटलं, तुमची तक्रार खरी आहे. मुलांना वाचता येत नाही, कारण वर्षभर मी वाचतेय आणि ती ऐकताहेत. मग मी माझं सांगितलं. सातवीनंतर माझी शाळा सुटली. तेव्हा अक्षरं लागायची, पण मला वाचता येत होतं असं म्हणू नये. वाचायला मी लग्नानंतर शिकले, दुकानात पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीवर. निम्मं पान आधीच पुडीला गेलेलं असायचं. उरलेलं कुठे मिळतंय म्हणून मी गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायचे. ह्यांनी मला कधी बसवून शिकवलं नाही. गठ्ठा संपत आला की पुढचा सोडून ठेवायचे, तेवढंच.

"पण काकी, ती तुमची गोष्ट झाली," समितीतली एका मुलीची आई म्हणाली. "माझ्या चेडवाक परीक्षेत काय येतला?"

"म्हणून एक महिना मागते. तुम्ही कधीही येऊन मागे बसा. महिन्याने प्रत्येक मूल तुमच्यासमोर वाचेल, पुस्तकातलं तुम्ही सांगाल ते पान. नाही वाचलं तर क्लासवालीला निरोप द्यायला मी स्वतः कसालला जाईन."

"लिहून घेव?" कुणीतरी थट्टेने विचारलं.

"घ्या."

वसंतभाऊंनी ते सभेच्या वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "म्हयनो तर म्हयनो. पण काकी, वर्गात बांगडो हाडू नकात हां." मृणालचा त्यांना फोन येऊन गेला होता, हे मला तेव्हा कळलं.

हे लिहीपर्यंत महिना संपलेला नाही. तास राहील का, मला माहीत नाही. या सहलीतून मी घरी काही आणलं नाही. आंब्याची चित्रंसुद्धा तिथेच राहिली, मुलांनी त्यांच्या पाठीवर कोंबड्या काढल्या. मृणालसारखं मला जमेल असंही नाही. ती शिकलेली आहे, तिच्याजवळ वर्षं आहेत. पण मुलांच्या कंटाळलेल्या शांततेत उभं राहून पुढे बोलत राहायचं नाही, एवढं मला तिथे कळलं. तुमच्यापैकी कुणी शिकवत असाल आणि त्या बाजूला जाणार असाल, तर आधी शाळेची परवानगी घ्या, आणि एक खरा प्रश्न सोबत न्या. तो नसेल तर मुलं सोडत नाहीत.

सभेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी मी गोष्टीचं पुस्तक घरी ठेवून शाळेत गेले, सतरंजी खिडकीखाली ओढली आणि मुलांना म्हटलं, "सरका जरा, मलाही बघू दे."